टोकन बर्न करण्याआधी

‘कंपनी पुढच्या महिन्यात निम्मी कॉइन जाळणार आहे, मग भाव दुप्पट होणार ना?’ पनवेलजवळच्या पळस्पे, कोळखे, शिरढोण, कोन या पट्ट्यातल्या वाचकांकडून हा प्रश्न शब्द बदलून सतत येतो. त्याच्या मागोमाग दुसरा: ‘तोट्यात गेलेली कॉइन आपणच जाळून टाकली तर टॅक्स वाचेल का?’ आणि तिसरा, जरा घाबरलेला: ‘वॉलेटमध्ये न मागता कसलं तरी टोकन आलंय, ते जाळून टाका असा मेसेजही आलाय. काय करू?’

उत्तरे आधीच देऊन टाकतो. पहिल्याचे ‘बहुधा नाही’, दुसऱ्याचे ‘नाही’ आणि तिसऱ्याचे ‘हात लावू नका’.

हे प्रश्न याच भागातून का येतात, हे वेगळे सांगायला नको. पळस्पे फाट्यावरून एक रस्ता पुण्याला जातो, एक गोव्याला, एक जेएनपीटीला. महामार्गाचे रुंदीकरण, नैना हा नियोजित शहराचा प्रकल्प, विमानतळ यांमुळे बऱ्याच घरांत जमिनीचा पैसा आला. मोबदल्याचा धनादेश वटला की पाहुण्यांच्या ओळखीने कोणीतरी लॅपटॉप घेऊन येतोच. पूर्वी तो चिट फंड आणि प्लॉटिंगच्या स्कीम आणायचा, आता कॉइन आणतो. त्याच्या सादरीकरणात ‘बर्न’, म्हणजे जाळणे, हा शब्द हमखास असतो, कारण त्याने ऐकणाऱ्याला वाटते की माल कमी होतोय, आत्ताच घ्यायला हवा.

जाळतात म्हणजे नेमके काय करतात

क्रिप्टो टोकन म्हणजे एका सार्वजनिक खातेवहीतली (ब्लॉकचेन, म्हणजे साखळीतली) नोंद. कोणत्या पत्त्यावर किती टोकन आहेत, एवढेच त्या वहीत असते. पत्त्यावरची टोकन हलवायची तर त्या पत्त्याची खासगी किल्ली लागते. जाळण्याचे दोन मार्ग आहेत:

- टोकनच्या काँट्रॅक्टमध्येच, म्हणजे त्याचे नियम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, ‘बर्न’ची सोय असते. ती वापरली की एकूण संख्या वहीतून वजा होते.
- टोकन अशा पत्त्यावर पाठवतात ज्याची किल्ली कोणाकडेच नाही. वहीत ती दिसत राहतात, पण कधीच हलत नाहीत. अशा पत्त्यांना ‘डेड ॲड्रेस’ म्हणतात.

दोन्हींत परतीचा मार्ग नाही. बँकेत चुकीच्या खात्यात पैसे गेले तर अर्ज करता येतो. इथे अर्ज घ्यायलाच कोणी बसलेले नसते आणि न्यायालयाने आदेश दिला तरी तो बजावायचा कोणावर, हा प्रश्न उरतो.

मग लोक जाळतात तरी कशाला?

कारणे एकाच जातीची नाहीत. ती वेगळी करून पाहिलीत तर निम्मा गोंधळ जातो.

सगळ्यांत माहितीचे कारण म्हणजे पुरवठा कमी करणे. बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजने, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बाजाराने, २०१७ पासून आपल्या बीएनबी नाण्याचे ठरावीक काळाने बर्न सुरू केले. २० कोटींवरून १० कोटींवर यायचे, हे त्यांनी आधीच सांगितले होते. मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजनेही २०२० मध्ये आणलेल्या डब्ल्यूआरएक्स टोकनचे बर्न दर तिमाहीला जाहीर करण्याची प्रथा ठेवली होती. मग १८ जुलै २०२४ रोजी तिथे चोरी झाली, सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बायनान्सने डब्ल्यूआरएक्स आपल्या यादीतून काढले. आधीच्या कुठल्याही बर्नने यातले काही थोपवले नाही, आणि थोपवणार तरी कसे? बर्नने संख्या कमी होते, धंद्यातली जोखीम होती तेवढीच राहते.

दुसरे कारण शुल्काचे. ५ ऑगस्ट २०२१ पासून इथेरियमवर प्रत्येक व्यवहाराच्या शुल्काचा मूळ भाग जाळला जातो. मुंबईत मॅटिक नेटवर्क म्हणून सुरू झालेल्या पॉलिगॉनने जानेवारी २०२२ मध्ये तीच पद्धत घेतली. वापर वाढला की जास्त जळते, घटला की कमी. हा बर्न मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो, कारण तो संचालकांच्या लहरीवर नाही, नियमात बसवलेला आहे. तरी त्याचीही हमी नाही. मार्च २०२४ मधल्या सुधारणेनंतर इथेरियमवरचे शुल्क उतरले, जळणेही कमी झाले आणि एकूण संख्या पुन्हा वाढू लागली.

तिसरे कारण, नको असलेला साठा संपवणे. त्याचा आपल्या देशाशी थेट संबंध आला. शिबा इनू हे गमतीचे म्हणून काढलेले टोकन. त्याच्या निर्मात्यांनी जवळजवळ निम्मा साठा इथेरियमचे एक जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांच्या पत्त्यावर न विचारता पाठवून दिला आणि ‘तो जळाल्यातच जमा’ असा प्रचार केला. ब्युटेरिन यांच्याकडे किल्ली होती. मे २०२१ मध्ये, आपल्याकडे दुसरी लाट शिखरावर असताना, त्यांनी त्यातली सुमारे ५० लाख कोटी टोकन पॉलिगॉनचे सहसंस्थापक संदीप नेलवाल यांनी उभारलेल्या कोविड मदतनिधीला दिली. चारच दिवसांनी उरलेल्यांपैकी सुमारे ४१० लाख कोटी जाळली. त्या दिवसाच्या भावाने ती रक्कम ६०० कोटी डॉलरच्या वर जाते. एवढी सत्ता आपल्या हातात नको, असे त्यांचे म्हणणे होते. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, ‘दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवले म्हणजे जळाले’ हा प्रचार खोटा ठरला. ज्याच्याकडे किल्ली, त्याची टोकन. दोन, हा बर्न खरा होता, प्रचंड होता, आणि तरी ऑक्टोबर २०२१ मधल्या उच्चांकानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शिबाचा भाव ८० टक्क्यांहून जास्त कोसळला.

बाकीची कारणे भरभर पाहू:

- मोड करून घेणे. डॉलरशी जोडलेले यूएसडीसी टोकन परत देऊन डॉलर घेतले की कंपनी ते टोकन जाळते. एका साखळीवरचे टोकन दुसरीकडे नेतानाही पहिल्या बाजूची प्रत जाळतात. हा हिशेबाचा भाग झाला, भावाचा नाही.
- प्रवेशाची किंमत. २०१४ च्या जानेवारीत काउंटरपार्टी प्रकल्पात लोकांनी सुमारे २,१०० बिटकॉइन जाळून नवे टोकन मिळवले. संस्थापकांच्या खिशात काही गेले नाही, हे दाखवायचा तो मार्ग होता.
- कला. डेमियन हर्स्ट यांनी २०२२ मध्ये १०,००० चित्रांच्या मालकांना कागद किंवा डिजिटल प्रत, यांतले एकच ठेवायला सांगितले. दुसरे जाळले गेले.
- एक जाळून दुसरे छापणे. मे २०२२ मध्ये कोसळलेले टेरा. तिथे यूएसटी हे डॉलरशी जोडलेले टोकन जाळले की लुना हे त्याचे जोडनाणे छापले जाई. घबराट सुटल्यावर लोक यूएसटी जाळत सुटले आणि लुनाची संख्या काही दिवसांत सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली. ‘बर्न’ ऐकून खूश होण्याआधी, पलीकडे काय छापले जात आहे ते विचारा.

भाव वाढेल का? आधी आकडेमोड करा

समजा एका टोकनची १०० कोटी नाणी बाजारात फिरत आहेत आणि भाव २ रुपये आहे. कंपनीने १० कोटी जाळली. लोकांनी त्या प्रकल्पाची किंमत २०० कोटी रुपयेच धरली तर उरलेल्या ९० कोटींचा भाव होतो साधारण २ रुपये २२ पैसे. कागदावर ११ टक्के वाढ. पण हे गणित तेव्हाच खरे, जेव्हा ती १० कोटी नाणी खरोखर बाजारात फिरत होती. बहुतेक वेळा जळते ते कंपनीच्याच तिजोरीतले, कधीच विक्रीला न आलेले. बिल्डरने नकाशावरचे न विकलेले प्लॉट रद्द केले म्हणून तुमच्या प्लॉटला दुसऱ्या दिवशी जास्त गिऱ्हाईक येत नाही, तसेच हे.

स्टेलरचे उदाहरण पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांच्या संस्थेने १०५ अब्जांपैकी ५५ अब्ज नाणी एका फटक्यात जाळली, म्हणजे निम्म्याहून अधिक. ती संस्थेकडचीच होती. भाव काही तास उसळला आणि वर्ष संपता संपता बर्नच्या आधीपेक्षाही खाली होता. ‘निम्मी जाळली तर दुप्पट’ असे सांगणाऱ्याला एवढे एक उदाहरण पुरे.

दुसरी चलाखी टक्क्यांची. ‘बर्न रेट ५०० टक्क्यांनी वाढला’ असा फॉरवर्ड आला की विचारा: कशाच्या ५०० टक्के? शिबाचा साठा आजही सुमारे ५८९ लाख कोटी आहे. रोज एक कोटी टोकन जळाली असे धरले तर त्यातला एक टक्का संपायला सोळाशे वर्षे लागतील. रोजचा आकडा सहापट झाला, तरी पावणेतीनशे वर्षे. बातमी खोटी नसते, पण तुमच्या नातवंडांच्याही कामाची नसते.

बर्न खरा की बोलाचा, हे घरबसल्या तपासा

यासाठी तज्ज्ञ लागत नाही. इथेरियमवरच्या टोकनसाठी इथरस्कॅन, बायनान्सच्या साखळीसाठी बीएससीस्कॅन, सोलानासाठी सोलस्कॅन अशा खातेवह्या मोबाइलवरही उघडतात. लॉगिन नको, पैसे नकोत.

१. टोकनचा काँट्रॅक्ट पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा घेऊ नका. एकाच नावाची डझनभर नकली टोकन असतात.

२. तो पत्ता खातेवहीत टाका आणि ‘होल्डर्स’ची यादी उघडा. शिबाचे पान उघडलेत तर पहिल्याच ओळीत साधारण ४१ टक्के साठा एका विचित्र पत्त्यावर दिसेल: सुरुवातीला इंग्रजीत ‘डेड’, मग ओळीने शून्ये आणि शेवटी ४२०६९ हा आकडा पुन्हा पुन्हा. ब्युटेरिन यांनी जाळलेली टोकन ती हीच. असा आकार आधी ठरवून त्याची किल्ली शोधणे कोणालाही शक्य नाही, म्हणून तो पत्ता मेलेला. उलट, जाहिरातीतला ‘बर्न पत्ता’ इतर कुठल्याही वॉलेटसारखा सरमिसळ अक्षरांचा असेल, तर ती कोणाची तरी तिजोरी असू शकते.

३. त्या पत्त्यावर टॅप करून बाहेर गेलेले व्यवहार पाहा. एक जरी निघाला, तरी तो बर्न नव्हे.

४. फक्त एकूण संख्येच्या आकड्यावर विसंबू नका. डेड ॲड्रेसवर पाठवलेली टोकन त्यातून वजा होत नाहीत, काँट्रॅक्टच्या बर्नने होतात. शिबाच्या पानावर म्हणूनच एकूण संख्या जवळजवळ पूर्वीइतकीच दिसते आणि लोक गोंधळतात.

५. काँट्रॅक्टच्या भागात ‘मिंट’ नावाचे फंक्शन आहे का आणि ते चालवायचा अधिकार कोणाला आहे, ते पाहा. सकाळी दहा कोटी जाळून संध्याकाळी वीस कोटी छापता येत असतील, तर सकाळचा सोहळा व्यर्थ. हा मुद्दा कळला नाही तर घरातल्या संगणक शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दाखवा. दहा मिनिटांचे काम आहे.

६. पुरावा म्हणून फक्त व्यवहार क्रमांक, म्हणजे ट्रान्झॅक्शन हॅश मागा. स्क्रीनशॉट, व्हिडिओ, शिक्का मारलेले ‘बर्न सर्टिफिकेट’ यांची किंमत शून्य.

आणि मुळात खातेवहीच नसेल तर? एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइनच्या सभेवर छापा घालून १८ जणांना अटक केली. त्या नाण्याला खरी सार्वजनिक साखळीच नव्हती. सभासदांना दिसायचे ते कंपनीच्या संकेतस्थळावरचे आकडे. तिथे २०१६ मध्ये सभासदांची नाणी एका घोषणेने दुप्पट करण्यात आली होती. दुप्पट करणे काय किंवा जाळणे काय, दोन्ही नुसती टंकलेखनाची बाब. संस्थापक रुजा इग्नातोव्हा २०१७ पासून बेपत्ता आहे आणि एफबीआयच्या पहिल्या दहा फरारींत तिचे नाव आहे. म्हणून सहाही पायऱ्यांच्या आधीची पायरी हीच: हे टोकन कोणत्या सार्वजनिक साखळीवर आहे? उत्तर ‘आमची स्वतःची साखळी आहे, ॲपमध्ये दिसते’ असे आले की उठा.

स्वतःची टोकन जाळायची वेळ कधी येते?

खरे सांगायचे तर सामान्य गुंतवणूकदारावर ती जवळजवळ कधीच येत नाही. एखाद्या खेळात दोन टोकन जाळून एक नवे घ्यायचे असते, एका साखळीवरून दुसरीकडे जायचे असते, किंवा कॉलेजच्या प्रकल्पात तुम्हीच काढलेले टोकन आवरायचे असते. तेव्हा एवढे पाळा:

- एक्स्चेंजच्या खात्यातली टोकन तुम्ही जाळू शकत नाही, किल्ली त्यांच्याकडे असते. एक्स्चेंजमधून डेड ॲड्रेसवर पैसे काढायचा प्रयोग करू नका.
- वॉलेट किंवा प्रकल्पाच्या अधिकृत पानावरची सोय वापरा. सगळीच्या सगळी शून्ये असलेल्या पत्त्यावर पाठवणे बरेच काँट्रॅक्ट नाकारतात. व्यवहार फसतो आणि गॅस फी, म्हणजे व्यवहाराचे शुल्क, मात्र जाते.
- आधी एकच टोकन पाठवून पाहा. बदल्यात काही मिळणार असेल तर ते त्याच व्यवहारात मिळायला हवे. ‘आधी जाळा, चोवीस तासांत नवे येईल’ ही अट मान्य करू नका.
- टोकन चुकून टोकनच्याच काँट्रॅक्ट पत्त्यावर पाठवणे ही नेहमीची चूक आहे. तीही बहुधा कायमची राख. पत्ता चिकटवल्यावर पहिली आणि शेवटची सहा-सहा अक्षरे जुळवा.
- टोकन घरातल्या वाटणीत, घटस्फोटाच्या दाव्यात किंवा पोलीस तपासात असतील तर हात लावू नका. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रिप्टो ही मालमत्ताच असल्याचे म्हटले आहे. तपासातली टोकन जाळणे म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा अंगावर घेणे.

मॅटिकवाल्यांसाठी खास. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅटिकचे ‘पोल’ झाले, एकास एक. पॉलिगॉन साखळीवर असलेली नाणी आपोआप बदलली. इथेरियमवर ठेवलेल्यांना अधिकृत पोर्टलवरून बदलावी लागतात. ‘जुनी मॅटिक आमच्या बर्न पत्त्यावर पाठवा, पोल देतो’ असे सांगणारा कोणीही पॉलिगॉनचा नाही.

न मागता आलेले टोकन

तुमचा पत्ता सार्वजनिक आहे, त्यामुळे त्यावर कोणीही काहीही टाकू शकतो. टोकन नुसते आल्याने धोका नाही. धोका त्याच्या नावात लिहिलेल्या संकेतस्थळावर जाण्यात आहे. तिथे ‘विका’, ‘क्लेम करा’ किंवा ‘जाळून साफ करा’ असे बटण असते, आणि त्या बटणामागे तुमच्या खऱ्या टोकनवर हात टाकण्याची परवानगी.

म्हणून जाळू नका, लपवा. बहुतेक वॉलेटमध्ये टोकन ‘हाइड’ करायची सोय असते, तिला फी पडत नाही. सोलानावर एक अपवाद आहे: प्रत्येक टोकनच्या नोंदीपोटी सुमारे ०.००२ सोल अडकून राहतात आणि टोकन जाळून ती नोंद बंद केली की परत मिळतात. शेकडो नोंदी साचल्या असतील तरच त्यात हशील आहे, तेही तुमच्या वॉलेटच्या स्वतःच्या सोयीतून. दहा-वीस टोकनसाठी अनोळखी संकेतस्थळाला वॉलेट जोडणे म्हणजे चार आण्यांसाठी तिजोरी उघडी टाकणे.

परवानगी देऊन बसला असाल तर? त्याच खातेवहीतल्या ‘टोकन अप्रूव्हल’ पानावर जाऊन ती रद्द करा आणि उरलेली टोकन नव्या वॉलेटमध्ये हलवा. सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेट उघडणारे, बारा किंवा चोवीस शब्द कुठे टाइप केले असतील तर रद्द करण्यात वेळ घालवू नका, आधी हलवा.

टॅक्स वाचतो का?

अमेरिकेत वर्षअखेरीला बुडीत टोकन एक-दोन सेंटला विकून किंवा जाळून तोटा दाखवायची पद्धत पडली. तिथले व्हिडिओ पाहून इकडे प्रश्न येतो. आपल्या कायद्यात ती सोयच नाही. २०२२ च्या वित्त कायद्याने आणलेल्या कलम ११५बीबीएचनुसार क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर उपकर बसतो. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे आकडे बदलले, हे तत्त्व नाही.

उदाहरण घ्या. एक लाखाला घेतलेले टोकन आता चार हजारांचे उरले आहे. त्याच वर्षी दुसऱ्या टोकनमध्ये तुम्हाला साठ हजारांचा नफा झाला. पहिले टोकन विका, ठेवा किंवा जाळा. साठ हजारांवर १८,००० रुपये कर आणि ७२० रुपये उपकर, म्हणजे १८,७२० भरावेच लागतील. जाळलेत तर वर ते चार हजारही गेले. विकलेत तर निदान तेवढे हातात येतात.

तरी काही जाळले असेल तर नोंद ठेवा: खरेदीची तारीख, किंमत, जाळल्याची तारीख, ट्रान्झॅक्शन हॅश. पुढे ‘ही टोकन कुठे गेली?’ अशी विचारणा झाली तर तेच उत्तर. आणि जाळून बदल्यात दुसरे टोकन घेतले असेल, तर तो नुसता बर्न नाही, अदलाबदल आहे. त्यावर कर लागू शकतो. विवरणपत्र भरताना पनवेलच्या तुमच्या सीएना हे स्वतःहून सांगा. क्रिप्टोचे उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ किंवा ३ मधले व्हीडीएचे (आभासी डिजिटल मालमत्तेचे) परिशिष्ट भरावे लागते. एक्स्चेंजने कापलेला एक टक्का टीडीएस २६एएसमध्ये दिसतोय का, तेही पाहा.

बर्नच्या नावाने चालणारी लूट

पद्धती थोड्याच आहेत, वेष बदलून येतात:

- ‘तुमची टोकन अडकली आहेत, बर्न फी भरा म्हणजे मोकळी होतील.’ खऱ्या साखळीवर गॅस फी तुमच्याच वॉलेटमधून, त्या साखळीच्या नाण्यात कापली जाते. ती कोणाच्या यूपीआयवर पाठवावी लागत नाही.
- ‘दर महिन्याला बर्न आहे, भाव खाली येणे शक्यच नाही, चार जण जोडा.’ साखळी योजना. पुण्यातल्या गेनबिटकॉइनने महिन्याला दहा टक्क्यांचे आमिष दाखवून लोकांकडून बिटकॉइन घेतले आणि परतफेडीच्या वेळी एमकॅप नावाचे स्वतःचे टोकन हातावर टेकवले. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी मनी ट्रेड कॉइनचे प्रकरण उघड केले, तेही घरचेच नाणे. ज्याचा छापखाना त्याच्याच घरात आहे, त्याने चार नोटा जाळून दाखवल्या तर त्याचे काय जाते?
- ‘लिक्विडिटी जाळली आहे, आता आम्हालाही पैसे काढता येणार नाहीत.’ (लिक्विडिटी म्हणजे टोकनची खरेदी-विक्री चालावी म्हणून बाजूला ठेवलेला पैसा.) हे खरे असू शकते, पण खातेवहीत पाहिल्याशिवाय मानू नका. सेफमून या टोकनच्या कंपनीने लिक्विडिटी कुलूपबंद असल्याचे सांगितले होते. अमेरिकेत त्याच्या प्रमुखाला मे २०२५ मध्ये ज्युरीने फसवणुकीबद्दल दोषी ठरवले.
- ‘वझीरएक्सची रिकव्हरी टोकन जाळून रोख देतो.’ चोरीच्या भरपाईपोटीच्या त्या टोकनबद्दल जे काही होईल ते कंपनीच्या अधिकृत खात्यातूनच होईल. मधला माणूस कोणीही नसतो.

फसलात तर

क्रिप्टोवर रिझर्व्ह बँकेचा किंवा सेबीचा लोकपाल नाही. जाहिरात मानक परिषदेने १ एप्रिल २०२२ पासून प्रत्येक क्रिप्टो जाहिरातीत तसा इशारा सक्तीचा केला आहे. बारीक अक्षरांतली ती ओळ वाचत चला. पण फसवणूक ही फसवणूकच, मग ती टोकनची असो की प्लॉटची.

लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयने किंवा बँकेतून पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांत समोरचे खाते गोठवता येण्याची शक्यता असते. ‘बघू, परत देतो म्हणालाय’ म्हणत दोन दिवस घालवू नका. जाळलेली टोकन परत येणार नाहीत, पण जी ‘जाळली’ म्हणून सांगितली आणि खरे तर कोणाच्या वॉलेटमध्ये गेली, त्यांचा माग खातेवहीत राहतो. एक्स्चेंजपर्यंत तो पोहोचला तर पोलीस तिथून नाव मागू शकतात. मार्च २०२३ पासून भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि ग्राहकाची ओळख ठेवणे बंधनकारक आहे.

पोलीस ठाण्याला तुमची तक्रार हद्दीच्या कारणावरून नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. पळस्पे परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली येतो आणि आयुक्तालयाचे स्वतंत्र सायबर ठाणे आहे. पैसे ठेव म्हणून, ठरावीक परताव्याच्या बोलीवर घेतले असतील आणि फसलेले अनेक असतील, तर एकत्र जा. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, म्हणजे एमपीआयडी, लावण्याची लेखी मागणी करा. त्याखाली आरोपीची मालमत्ता जप्त होऊ शकते. नोंदणीकृत एक्स्चेंजने सेवेत चूक केली असेल तर आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जाताना सोबत ठेवा: बँक स्टेटमेंट, यूपीआय व्यवहार क्रमांक, ट्रान्झॅक्शन हॅश, समोरच्याचा वॉलेट पत्ता (हाताने लिहिलेला नको, छापील हवा, एक अक्षर चुकले तरी निरुपयोगी), चॅटची निर्यात केलेली फाइल, सभेचे निमंत्रण किंवा फोटो. मोबाइल बदलू नका, ॲप काढू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका. तपासाला तेच लागते. तक्रारीनंतर ‘तुमची जळालेली कॉइन परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन येऊ लागतील, त्यांचेही नंबर तक्रारीत जोडा. पोर्टलने दिलेला पोच क्रमांक जपून ठेवा आणि बँकेला, एक्स्चेंजला, पोलिसांना पुढे जे जे पत्र द्याल त्यावर तो लिहा.